'क्रूझ' म्हणजे फक्त जहाजाची सहल का?

नाही. मूळ डच शब्दाचा अर्थ ओलांडणं. समुद्रात आडव्यातिडव्या घिरट्या घालणाऱ्या जहाजांमुळे तो १७व्या शतकात इंग्रजीत आला. सहल नंतरची.

खूण सांगतो: गेटवेहून मांडव्याला सोडते ती फेरी. पणजीत संध्याकाळी मांडवीतून तासभर फिरवून त्याच धक्क्याला परत आणते ती क्रूझ. पोचायची घाई नाही, फिरणं हेच काम.

क्रियापदातही तोच निवांतपणा. रात्री मरीन ड्राइव्हवर उगाच संथ गाडी फिरवणं म्हणजे क्रूझिंग. 'इंडिया क्रूझ टू व्हिक्टरी' म्हणजे घाम न गाळता जिंकले. गाडीतलं क्रूझ कंट्रोल मात्र संथपणाचं नाही, एकसारख्या वेगाचं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी काटा ऐंशीवरच. (आणि हो, माणसाबद्दल 'क्रूझिंग' जपून वापरा, शरीरसंबंधासाठी जोडीदार शोधत हिंडणं असाही अर्थ आहे.)