नुसत्या रिंगा टाकू की रिबोअर करू?

प्रश्न : माझी जुनी दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक जेट स्की आहे. पुढच्या सिलिंडरला कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) १३५ पीएसआय येतं, मागच्याला ११०. चालू होते पण पहिल्यासारखी उचल घेत नाही. एक मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाका, दुसरा म्हणतो दोन्ही सिलिंडर रिबोअर करा, म्हणजे आतून कापून थोडे मोठे करा. कुणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही नको, कारण बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचं माप, कुणीच मोजलेला दिसत नाही! दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांच्या वर फरक आला की आत काहीतरी बिघडलंय हे खरं, पण ते रिंगा, पिस्टन, बोअर की हेड गॅस्केट हे कॉम्प्रेशन गेज सांगत नाही. आधी टेस्ट परत करा, इंजिन गरम असताना, दोन्ही प्लग काढून, प्लगच्या टोप्या इंजिनच्या धातूला जोडून (अर्थ करून) आणि थ्रॉटल पूर्ण दाबून धरून, कारण थ्रॉटल बंद असेल तर आकडा उगाच कमी येतो आणि लोक चांगलं इंजिन उघडून बसतात.

तरीही फरक राहिला तर बॅरल, म्हणजे सिलिंडरचा भाग, काढा. भिंतीवर चंदेरी रेघा दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका, बऱ्याचदा ते पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं आणि ते साफ करता येतं. साफ केल्यावर नख आडवं फिरवा, नख अडकलं तर चर खोल आहे, मग रिबोअरच. नाही अडकलं तर बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा, फक्त पोर्टच्या (भिंतीतल्या हवा-धुराच्या खिडक्यांच्या) कडेवर गेज टेकवू नका. समजा ८१ मिमीचा बोअर एका दिशेने ८१.१२ आणि दुसऱ्या दिशेने ८१.०४ आला, म्हणजे ०.०८ ने लंबगोल झाला. असल्या बोअरमध्ये कितीही भारी रिंगा टाका, गोल रिंग लंबगोल भोकात बसणार कशी, चार दिवसांत परत तेच. मर्यादा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, तीच धरा. बोअर मर्यादेत असेल आणि पिस्टनचा क्लिअरन्सही (पिस्टन आणि भिंतीमधली फट) ठीक असेल तर हलकं होनिंग करून, म्हणजे भिंत बारीक दगडाने घासून, नव्या रिंगा पुरतात.

रिबोअर ठरलं तर ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्या आणि मगच बॅरल मशीनशॉपला द्या, बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो. साधारण ०.२५ आणि ०.५० मिमीने मोठे साइज मिळतात, सगळं साफ होईल असा सगळ्यात लहान साइज घ्या म्हणजे पुढे अजून एकदा करता येतं. निकासिल कोटिंगचं (भिंतीवर निकेलचा कडक थर असलेलं) बॅरल असेल तर हे सगळं लागू नाही, त्याला परत प्लेटिंग करावं लागतं.

आणि मागचंच सिलिंडर का गेलं हे शोधल्याशिवाय नवा पिस्टन घालू नका, कळकळीने सांगतो. कार्ब्युरेटरचा जेट चोंदलेला असतो, नाहीतर क्रँकशाफ्टचं सील हवा ओढत असतं, पेट्रोल कमी पडतं आणि नवा पिस्टनही तसाच पकडतो, म्हणजे जाम होतो.

बॅरल परत आलं की पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. धार लागली तर कडा घासून बोथट केलेल्या नाहीत, रिंग तिथेच अडकून तुटते, तसंच परत पाठवा.