मुलाला गाडी कधी द्यावी?

प्रश्न : आमचा मुलगा सतरा वर्षांचा असून खानापूरहून बेळगावला कॉलेजला जातो. एस.टी.त जागा मिळत नाही म्हणून तो स्कूटरसाठी हट्ट धरून बसला आहे. गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालते, असे तो म्हणतो. काय करावे?
— एक पालक, खानापूर

उत्तर : त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी, आणि बाजारातल्या बहुतेक स्कूटर 100 सीसीच्या वरच्या असतात. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलालाही पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा हे एक वर्ष एस.टी.तली गर्दी सोसलेली बरी.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढावा. त्याची मुदत सहा महिने असते. पक्क्या परवान्यासाठी तीस दिवसांनंतर अर्ज करता येतो, पण माझ्या मते एवढी घाई नको. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना ब्रेककडे हात जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते, हे त्याला मोकळ्या मैदानात प्रत्यक्ष दाखवावे. आपल्या भागात उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात (मालकांना कितीही सांगा!), म्हणून पहिले काही महिने अंधार पडल्यावर गाडी देऊ नये.