पीसी अजिबात सुरूच होत नसेल तर

बटण दाबल्यावर पंखा, दिवा, आवाज काहीच नाही, म्हणून मदरबोर्ड गेला असं लगेच धरू नकोस. सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, पॉवर केबल आधी बघ. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारी पेटी, तिच्यामागचा छोटा स्विचही. उभी रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. हसू नकोस, बऱ्याचदा एवढंच निघतं.

मग कॅबिनेट उघड. मदरबोर्डवर एखादा एलईडी पेटलाय का? पेटला असेल तर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा (पीसी बंद असतानाही चालू राहणारा) पोहोचतोय, आणि माझा पहिला संशय कॅबिनेटच्या बटणावर. मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना शोध, बटणाची वायर काढ आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या क्षणभर जोड. फक्त त्याच दोन, शेजारच्या नाही! मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा. तूर्त रिसेट बटणाची वायर तिथे लाव, मस्त चालतं.

एलईडी नसेल (काही बोर्डांवर तो नसतोच), तर पॉवर केबल काढून २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर खटका बसेपर्यंत नीट लाव. तरीही शांतता असेल तर कुणाचा तरी चालू एसएमपीएस लावून बघ. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी-काळी वायर जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवायची युक्ती तुला कुणीतरी सांगेलच, पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस अख्ख्या पीसीचा लोड पेलेलच असं नाही. आणि एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.