मारिपोसा ग्रोव्हमध्ये वाट दाखवण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस, सप्रेम आशीर्वाद.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या काही मराठी कुटुंबांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या मारिपोसा ग्रोव्हमध्ये, म्हणजे महाकाय सेक्वॉया वृक्षांच्या राईत, वनस्पती आणि वणवे या विषयावर फेरी काढण्याचे तू ठरवले आहेस आणि तिथे काय सांगावे, असे मला विचारले आहेस. माझी पहिली सूचना अशी, की ‘आग जंगलाला चांगली असते’ हे वाक्य फेरीत एकदाही उच्चारू नकोस. ‘आग वाईट असते’ हे जुने वाक्य जितके आळशी होते, तितकेच हे नवे वाक्यही आहे. आग कोणती, किती तापलेली आणि आधीच्या आगीनंतर किती वर्षांनी लागलेली, हे सांगितल्याशिवाय तिच्या परिणामांबद्दल काहीच सांगितल्यासारखे होत नाही. कोकणातला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो आणि डोंगराला वणवा लागला की तोच तो विझवायला धावतो. तुझ्या गटातल्या वडीलधाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक असेल, तेव्हा तिथूनच सुरुवात कर.

आधी ओळख नीट करून दे. तांबूस, तंतुमय साल दिसली की पाहुणे इन्सेन्स सीडर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडालाही सेक्वॉया समजतात. सीडरची पाने चपट्या फांदोऱ्यांवर दाबून बसवल्यासारखी असतात, तर सेक्वॉयाची पाने बारीक, टोकदार आणि डहाळीला सर्व बाजूंनी वेढणारी असतात, हे खाली पडलेल्या डहाळ्यांवरून दाखवता येईल. मात्र डहाळी किंवा बोंड (सेक्वॉयाचे बी असलेला शंकू) कोणी खिशात घालणार नाही, याकडे लक्ष ठेव. राष्ट्रीय उद्यानात त्याला मनाई आहे.

त्यानंतर ग्रिझ्ली जायंट या राईतल्या प्रसिद्ध सेक्वॉयापाशी भरपूर वेळ काढ. त्याच्या सुमारे तीन हजार वर्षांच्या वयाचे आकर्षण सर्वांना असतेच, परंतु तू लोकांना मोठ्या झाडांच्या बुंध्यांवरचे काळे व्रण पाहायला लाव. हे व्रण बहुधा चढाच्या बाजूला सापडतात, कारण उतारावरून घरंगळत आलेला पालापाचोळा आणि काटक्या खोडाच्या वरच्या अंगाला अडकून साचतात आणि आग तिथे जास्त वेळ रेंगाळते. ज्या भागातला सालीखालचा जिवंत थर मरतो, तिथे वाढ थांबते आणि दोन्ही कडांकडून नवे लाकूड व्रणावर हळूहळू वळत येते. संशोधकांनी वार्षिक वलयांत दडलेले हे व्रण मोजले, तेव्हा या राईंमध्ये पूर्वी अनेक शतके दर काही वर्षांनी कुठे ना कुठे जमिनीलगतची आग फिरत होती, असे दिसून आले. सेक्वॉयाची साल बुंध्याशी ६० सेंटिमीटरपर्यंत जाड होऊ शकते आणि तिच्यात राळ फारशी नसते. म्हणून अशा आगीत मोठे झाड सहसा जगते. पुढच्या क्लोथस्पिन ट्रीचा बुंधा तर अनेक आगींनी आरपार पोखरला आहे, तरीही ते उभे आहे.

बोंडाची गोष्ट मुलांना सांग. कोंबडीच्या अंड्याएवढे हे बोंड वीस वर्षांपर्यंतही हिरवे आणि बंद राहू शकते. त्यात सुमारे २०० बिया असतात आणि प्रत्येक बी ओटच्या पोह्याहून मोठी नसते. खालून वर चढणाऱ्या गरम हवेने बोंड सुकते, उघडते आणि राखेने झाकलेल्या मोकळ्या मातीवर बिया झडतात. पाचोळ्याच्या जाड थरावर पडलेल्या बीचे मूळ मातीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळते. डग्लस खारी आणि एक भुंगाही बोंडे उघडतात, हे खरे. पण बी झडणे, जमीन मोकळी होणे आणि वर उजेडाला वाट मिळणे ही तिन्ही कामे आगच एका वेळी करते. जवळपास सियानोथसची झुडपे दिसली तर तीही दाखव, कारण त्यांचे मातीत पडून राहिलेले बी उष्णता लागल्यावर रुजते.

इतिहास थोडक्यात सांग, पण इथल्या मूळ रहिवासी मिवोक लोकांना वगळू नकोस. ओकची फळे, हरणांसाठी चारा आणि टोपल्यांसाठी सरळ फुटवे मिळावेत, म्हणून ते मुद्दाम जमीन जाळत असत. १८५०च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा जाळण्याला शिक्षा ठरवली आणि १८५१मध्ये मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने त्यांना इथून हुसकायला सुरुवात केली. पुढे शतकभर आग दिसली की विझवायची, हेच धोरण राहिले. सावलीत वाढणारे व्हाइट फर वृक्ष दाटले आणि जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या त्यांच्या फांद्यांनी आगीला शेंड्यापर्यंत जायची शिडी मिळाली. १९६०च्या दशकात सॅन होजे स्टेट कॉलेजचे संशोधक रिचर्ड हार्टेस्वेल्ट यांनी सेक्वॉयाची रोपे न उगवण्याचा संबंध आगीच्या अभावाशी जोडला आणि या ग्रोव्हमध्ये १९७०च्या दशकापासून ठरवून जाळणी होऊ लागली.

त्या जाळणीचा उपयोग किती, हे इथल्या जमिनीवरच दिसते. २०२०चा कॅसल आणि २०२१चे केएनपी कॉम्प्लेक्स व विंडी या दुसऱ्या राईंतल्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वॉयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के झाडे गेली. तिथे दुष्काळाने वाळलेले आणि दशकानुदशके साचलेले जळण शेंड्यापर्यंत पेटले होते. जुलै २०२२मध्ये वॉशबर्न वणवा मारिपोसा ग्रोव्हच्या कडेला लागला, तेव्हा आधी जाळून विरळ केलेल्या भागात त्याची धग कमी झाली आणि मोठे सेक्वॉया वाचले. अग्निशामक दलाने फवारे लावले होते, हेही सांग; सगळे श्रेय जुन्या जाळणीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शेवटी कोणीतरी विचारेलच, की मग सह्याद्रीतले वणवेही लागू द्यावेत का? स्पष्ट नकार दे. तिथले बहुतेक वणवे माणसांनी लावलेले असतात, आणि सदाहरित रानातल्या पातळ सालीच्या झाडांचा आगीशी असा जुना संबंध नाही. वाई-महाबळेश्वरकडे वणवे विझवायला डोंगर चढणाऱ्या स्वयंसेवकांना सेक्वॉयाचे उदाहरण ऐकवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. गवताळ माळांचा प्रश्न आणखी वेगळा आहे, त्याचा विचार या फेरीत नको.

थांबे ठरले की यादी पाठव. क्लोथस्पिन ट्रीपर्यंतची चढण आजी-आजोबांना झेपेल का, की त्यांच्यासाठी ग्रिझ्ली जायंटपासूनच परतायचे, हे यादी पाहून ठरवू.

तुझा शुभचिंतक