पाच मिनिटं झाली, गायक कुठे आहे?

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी नायजेरियात, लागोसला असतो. त्याने तिथल्या फेला कुटी या गायकाचं ‘झॉम्बी’ हे गाणं पाठवलं आणि लिहिलं, ‘मामा, असल्या गाण्यांपायी सैनिकांनी याचं घर जाळलं.’ मी ऐकायला बसलो, तर पाच मिनिटं नुसती वाद्यं! शेवटी बंद केलं. यात सरकारविरोध आहे तरी कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मामा, अगदी तोंडाशी आलेला घास सोडलात! मीही पहिल्यांदा कॅसेट पुढे पळवली होती, त्यामुळे तुम्हाला हसत नाही.

ती पाच मिनिटं तुमचे पाय हलायला लागावेत म्हणून आहेत. ड्रमवर टोनी ॲलन, त्यावर गिटारचा तोच तोच तुकडा, मग भोंग्यांचा ताफा. लोक नाचू लागले की फेला तोंड उघडतो. तेही योरुबा या आपल्या मातृभाषेत नाही, तर बाजारातल्या पिजिन, म्हणजे मोडक्यातोडक्या मिश्र इंग्रजीत गातो. सांगितल्याशिवाय हा चालत नाही, थांबत नाही, विचार करत नाही, असं तो म्हणतो आणि मागच्या बायका झीलकऱ्यांसारख्या दर ओळीला ‘झॉम्बी’ म्हणतात. झॉम्बी म्हणजे चालतंफिरतं मढं, आणि इथे हा म्हणजे लष्करातला शिपाई. पुढे कवायतीचे हुकूम येतात : अटेन्शन, क्विक मार्च, फॉल इन, फॉल आउट आणि त्याच दमात ‘फॉल डाउन’, पड खाली! हे ज्या देशात लष्कराचंच राज्य, तिथे, 1976 साली.

18 फेब्रुवारी 1977 ला सुमारे हजार सैनिक त्याच्या घरावर चालून आले. त्या घराला त्याने ‘कलाकुटा रिपब्लिक’ म्हणून स्वतंत्र देशच जाहीर केलं होतं. घर पेटवलं, वाद्यं जाळली, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं. ही आई म्हणजे फुनमिलायो रॅन्सम-कुटी, आबेओकुटा शहरातल्या बायकांना घेऊन करांविरुद्ध उभी राहिलेली पुढारी. पुढच्या वर्षी ती गेली. सरकारी चौकशीत गुन्हेगार ठरला ‘अज्ञात सैनिक’! फेलाने त्याच नावाचं गाणं केलं. आईची शवपेटी लष्करी सत्ताधीशाच्या दारात नेऊन ठेवली आणि त्यावरही गाणं केलं.

त्याला संत मात्र करू नका. अशा आईचा हा मुलगा 1978 साली एकाच समारंभात सत्तावीस बायकांशी लग्न लावतो आणि ‘लेडी’ गाण्यात बरोबरी मागणाऱ्या बाईची टर उडवतो. ते माझ्या घशाखाली उतरत नाही. गाणी तरीही ऐकतो.

आता असं करा. आधी ‘वॉटर नो गेट एनिमी’ लावा, ते जरा निवांत आहे. मग ‘झॉम्बी’, हेडफोन लावून, पळवापळवी न करता. ‘फॉल डाउन’ आलं की भाच्याला फोन करा.