टाकीच्या दुरुस्तीला गनाइट की ओले शॉटक्रीट?

आपण विचारले आहे की सोसायटीच्या उंच टाकीचे खांब दुरुस्त करायचे आहेत, एक कंत्राटदार कोरड्या पद्धतीचे म्हणजे गनाइटचे दर देतो आणि दुसरा म्हणतो की ती पद्धत कालबाह्य झाली, ओले शॉटक्रीटच करा (दोन्हीत माल हवेच्या जोराने पृष्ठभागावर मारतात). तर कोणाचे ऐकावे? 'कालबाह्य' हा शब्द वाचून उत्तर लिहायला बसलो, कारण हाच शब्द 1996 साली बडोद्यात एका अहवालात वाचला होता आणि त्यापायी एका उत्तम कारागिराचे काम गेले.

मकरपुऱ्याला एका कारखान्याच्या टाकीचे काम होते. मी साइट इंजिनिअर, नोकरीचे तिसरे वर्ष. सडलेले काँक्रीट फोडून, सळया घासून, जाळी बांधून 50 मिलिमीटर गनाइट मारायचे होते. कोरड्या पद्धतीत सिमेंट-वाळू कोरडीच हवेच्या जोराने नळीतून येते आणि पाणी नोझलपाशी मिसळते, त्यामुळे पाणी किती हे नोझलमनचा, म्हणजे नोझल धरणाऱ्या कारागिराचा, हात ठरवतो. आमचे नोझलमन पन्नाशीचे होते. ताज्या थरावर किंचित ओलसर चमक राहील इतकेच पाणी ते सोडत. चमक गेली की वाळू उडते आणि ओघळ आला की थर घसरतो, हे त्यांना डोळ्यांनीच कळे.

कॉम्प्रेसर एकच होता आणि पलीकडच्या खांबावरचा काँक्रीट फोडायचा ब्रेकरही त्याच हवेवर चाले. ब्रेकर सुरू झाला की नोझलचा भरीव आवाज जाऊन फडफड ऐकू येई. तिसऱ्या दिवशी त्यांनी काम थांबवले आणि मला म्हणाले, "साहेब, हवा पडतेय. तिकडचे फोडणे बंद करा, नाहीतर सळईमागे वाळू राहील." मी वरिष्ठांना विचारले, त्यांना महिनाअखेर बिल काढायचे होते, त्यामुळे दोन्ही चालू ठेवा असे उत्तर आले आणि तेच मी त्यांना सांगितले.

पुढे सात दिवस पाणी मारून झाल्यावर हातोडीने ठोकले, तर दोन खांब पोकळ वाजले. छिन्नीने उघडले तेव्हा वरचा थर दगडासारखा आणि सळईमागे बोटाने खरवडावी अशी कोरडी वाळू. हवेचा वेग कमी पडला की मिश्रण सळईमागे दाबले जात नाही आणि उसळलेले कण तिथेच साचतात. सल्लागारांनी अहवालात लिहिले की पद्धत कालबाह्य आणि नोझलमन अकुशल. दुसऱ्या दिवशी त्या नोझलमनना घरी पाठवले. त्या बैठकीत मी होतो आणि कॉम्प्रेसरचा विषय काढला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तेवढ्याशा कामासाठी ओल्या पद्धतीचा पंप आणायला कोणी तयार होईना, म्हणून उरलेले खांब दुसऱ्या नोझलमनने त्याच यंत्राने, मात्र ब्रेकर बंद ठेवून मारले. त्यांतला एकही पोकळ वाजला नाही. अहवाल कोणी बदलला नाही.

पद्धत जुनी आहे हे खरे. सिमेंट गनचे, म्हणजे गनाइट मारायच्या यंत्राचे, अमेरिकन पेटंट 1911 चे आहे. पण वयावरून दुरुस्तीची पद्धत निवडत नाहीत. ओल्या पद्धतीत पाणी घालून कालवलेले काँक्रीट पंपाने ढकलतात आणि नोझलपाशी फक्त हवा देतात. पाण्याचे प्रमाण आधीच ठरलेले असते, धूळ कमी उडते आणि तासाला कितीतरी जास्त काम होते, म्हणून बोगद्यात आणि मोठ्या उतारांवर ओलीच घ्यावी, त्यात वाद नाही. आपल्या खांबांचे काम थोडे थोडे चालणार, पहाड (उभे राहायची परांची) हलवायला पुन्हा पुन्हा थांबावे लागणार. तिथे कालवलेला माल सेट होऊ लागतो, पंप आणि नळी दर वेळी धुवावी लागते आणि भरलेली जड नळी उंचावर सांभाळावी लागते. गनाइटची नळी हलकी असते आणि काम केव्हाही थांबवता येते. माझ्या मते आपण गनाइटच घ्यावे.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. उभ्या पृष्ठभागावर साधारण 20 ते 30 टक्के माल उसळून खाली पडतो. तो कोणाच्या खर्चात हे आधी ठरवा आणि झाडून पुन्हा वापरू देऊ नका. वाळूच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात, तेव्हा चांगले मास्क हवेतच आणि टाकीच्या आत हवा खेचणाऱ्या पंख्याशिवाय हे काम करूच नये. अनुभवी नोझलमन मिळत नसेल, तर माझा सल्ला रद्द समजा.

दोन्ही कंत्राटदारांना नोझल कोण धरणार हे विचारा. त्याच माणसाकडून तशाच सळया बांधलेल्या फळीवर नमुना मारून घ्या आणि कापून सळईमागे पाहा. गनला स्वतंत्र कॉम्प्रेसर मागा. करारात एक अट घाला: नोझलमनने हवा कमी आहे म्हटले की काम थांबेल आणि रोजच्या डायरीत साइट इंजिनिअर त्याची सहीनिशी नोंद करील.