चिखलातून निघाली, आता गाडी थरथरतेय?

घाबरू नकोस. भातखाचराजवळ गाडी रुतली की बऱ्याचदा दोष एकच: रिमच्या आतल्या बाजूला थापलेला चिखल. वाळला की चाकाचं बॅलन्स बिघडतं आणि साधारण ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बाहेरून गाडी चकाचक दिसते, तिथेच नवशिके फसतात.

आधी हे कर:
- चारही चाकं आतून धू. सुकलेला चिखल भिजवून लाकडी काडीने खरवड.
- टायरला कुठे फुगवटा आलाय का, रिम वाकलीय का, बघ.
- मग चालवून बघ. तरीही थरथर राहिली तर व्हील बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) करून घे.

धुण्याआधीच अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, पळू नकोस. मी पळालो होतो, पैसे वाया! गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मात्र अलाइनमेंट तपास. वळताना कटकट आवाज आला किंवा ब्रेक दाबल्यावरच थरथरली, तर थेट मेकॅनिक गाठ.